विशेषण कुणाला लागते?

‘पॉप’ हे ‘पॉप्युलर’ या शब्दाचे लाडके, आखूड नाव. ‘पॉप्युलर’ म्हणजे लोकप्रिय, हे आमच्या बेळगावात इंग्रजीची पाचवी यत्ता ओलांडलेल्या मुलालाही ठाऊक असते. लोकप्रिय गाणे म्हणजे लोकांना आवडलेले गाणे. कोणत्या लोकांना, हा प्रश्न या अर्थात कुठेच येत नाही. पण अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिके नेमका तोच प्रश्न गेली तीस वर्षे मनातल्या मनात विचारीत आली आहेत, आणि त्याचे उत्तरही मनातल्या मनात देत आली आहेत: इंग्रजी बोलणाऱ्यांना. त्या न बोललेल्या उत्तराविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

वाचक म्हणतील, लॉस एंजेलिसमध्ये कुणाच्या हातात सोनेरी ग्रामोफोन पडतो याची उठाठेव टिळकवाडीतल्या म्हाताऱ्याने का करावी? करावी, कारण प्रश्न रकान्याचा आहे. आणि रकान्यांच्या बाबतीत आपण दुभाषी मुलखातली माणसे जन्मजात तज्ज्ञ आहोत. शाळेच्या प्रवेशअर्जापासून शिरगणतीच्या कागदापर्यंत कुठल्या चौकोनात आपली खूण पडते आणि कुठला चौकोन आपल्यासाठी छापलेलाच नसतो, हे आपल्याला डोळे मिटूनही कळते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल. बेळगाव, खानापूर, निपाणी, मडगाव, बडोदे, इंदूर इथल्या वाचकाला ती नुसती आठवून द्यावी लागेल.

आधी हकीकत सांगतो. ग्रॅमीत पॉपच्या सर्वोत्तम अल्बमचे पारितोषिक आजच्या रूपात १९९५ पासून दिले जाते; पहिले बॉनी रेट या गायिकेला मिळाले. २००१ पासून त्याच्या नावात ‘गायन’ हा शब्द आला आणि ते ‘सर्वोत्तम पॉप गायन अल्बम’ झाले. त्यानंतरची यादी पाहा. २००२ साली शादे, २००३ साली नोरा जोन्स, २००५ साली रे चार्ल्स, २००८ साली एमी वाइनहाउस, २०१२ आणि २०१७ साली अडेल, २०१६ आणि २०२४ साली टेलर स्विफ्ट. ही माणसे गातात उत्तम. अडेलचा आवाज ऐकून ज्याला काही होत नाही, त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी. माझा वाद या मंडळींशी नाही. पण १९९५ पासूनची सगळी यादी वरून खाली वाचली तरी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत गायिलेला एकही अल्बम तीत सापडत नाही. फार तर २००० साली विजयी झालेल्या स्टिंगच्या ‘ब्रँड न्यू डे’मध्ये एका गाण्यात शेब मामी या अल्जीरियन गायकाचे अरबी आलाप ऐकू येतात. जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला चटणी असते, तेवढीच ती अरबी.

या अवधीत जगात दुसऱ्या भाषांतून लोकप्रिय गाणी झालीच नाहीत काय? झाली, आणि अशी झाली की खुद्द अमेरिकेच्या विक्रीच्या याद्यांत पहिल्या जागी जाऊन बसली. पण त्यांच्यासाठी वेगळी दालने बांधलेली होती. स्पॅनिशमधल्या पॉपसाठी १९८४ पासून ‘लॅटिन पॉप’. उरलेल्या जगासाठी १९९२ पासून ‘वर्ल्ड म्युझिक’. आता या नावांची गंमत पाहा. स्पॅनिश गाणे हे ‘लॅटिन’ पॉप. कोरियाचे गाणे ‘के-पॉप’, म्हणजे कोरियन पॉप. गोव्यात लोर्नाबाई गायल्या ते ‘कोंकणी’ पॉप. इंग्रजी गाणे मात्र नुसते पॉप. त्याला विशेषण नाही. घरात ज्याला सगळे नुसते ‘मालक’ म्हणतात तो मालक, आणि ज्यांच्या नावापुढे ‘वरच्या मजल्यावरचे’, ‘मागच्या खोलीतले’ असे काहीतरी लावावे लागते ते भाडेकरू. कोण मालक आणि कोण भाडेकरू हे ओळखायला घरपट्टीची पावती पाहावी लागत नाही. विशेषण कुणाला लागते तेवढे पाहिले की पुरते.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेचे पारितोषिक, अमेरिकेची भाषा, यात गैर ते काय? हे म्हणणे मला मान्य झाले असते, जर ही रीत पहिल्यापासूनची असती तर. ती तशी नाही. ग्रॅमीचा पहिला समारंभ ४ मे १९५९ रोजी झाला. त्या पहिल्या वर्षीची दोन मोठी पारितोषिके, वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका आणि वर्षातील सर्वोत्तम गीत, कुणाला मिळाली? दोमेनिको मोदुन्यो या इटालियन गायकाला. इटालियन भाषेत गायिलेल्या आणि ‘वोलारे’ या नावाने जगभर गाजलेल्या गाण्यासाठी. पुढे १९६५ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरला ‘गेट्झ-जिल्बेर्तो’. त्यात जोआओ जिल्बेर्तो पोर्तुगीज भाषेत अगदी कानगोष्ट केल्यासारखा गातो. (गोव्यातल्या जुन्या पिढीला तो कानाला गोड लागला असणार.) आणि १९६८ साली पंडित रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला पारितोषिक मिळाले, ते ‘चेंबर म्युझिक’ या विभागात, म्हणजे पाश्चात्त्यांच्या स्वतःच्या अभिजात संगीताच्या पंगतीत. तेव्हा ‘वर्ल्ड’ नावाची वेगळी पंगतच मांडलेली नव्हती. म्हणून आलेल्या पाहुण्याला घरच्यांच्या पाटावर बसवावे लागले. दार आधी उघडे होते. दालने नंतर बांधली, आणि बांधताना प्रत्येक वेळी ‘हे तुमच्या सन्मानासाठीच’ असे सांगितले.

ज्या वर्षीचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे ते २००६. त्या वर्षी आशा भोसले यांना ग्रॅमीचे नामांकन होते. क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन वाद्यचौकडीबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली होती, तो हा अल्बम. आशाबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. आता मला सांगा, पंचमच्या गाण्यांहून अधिक ‘पॉप्युलर’ असे आपल्या खंडप्राय देशात काय होते? पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या बँडमध्ये, एस. टी. च्या ड्रायव्हरच्या शिट्टीत जी गाणी वाजली ती लोकप्रिय नव्हेत तर मग लोकप्रिय कशाला म्हणावे? पण आशाबाईंचे नामांकन होते ‘समकालीन वर्ल्ड म्युझिक’ या रकान्यात. त्या रकान्यातले पारितोषिक ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिल यांना गेले. तेही आपल्या देशाचे तुफान लोकप्रिय गायक, आणि त्या वेळी तिथले सांस्कृतिक मंत्रीसुद्धा. त्याच वेळी पॉप गायनाचा अल्बम म्हणून विजयी झाला केली क्लार्कसन या तरुण गायिकेचा ‘ब्रेकअवे’. मुलगी गुणी आहे, दूरदर्शनवरील गायनस्पर्धा जिंकून पुढे आलेली. पण विचार करा: साठ वर्षे गाणारी सांगलीची बाई आणि ब्राझीलचा तो बुजुर्ग, हे दोघे ‘जग’, आणि टेक्सासची ती मुलगी ‘पॉप’. जग कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, याचा नकाशा यातून पुरेसा स्पष्ट होतो.

आशाबाई हरल्या याचे मला दुःख नाही. स्पर्धेत कुणीतरी हरायचेच. कुठल्या स्पर्धेत बसविले, ते मला खुपते.

‘वर्ल्ड’ हे नाव अकादमीलाही पुढे अवघड वाटू लागले. २०२० च्या नोव्हेंबरात तिने जाहीर केले की, या शब्दाला वसाहतवादाचा आणि ‘अमेरिकेबाहेरचे’ या अर्थाचा वास येतो, म्हणून यापुढे ‘ग्लोबल’ म्हणावे. वास जाण्यासाठी खोली झाडावी लागते; यांनी दारावरची पाटी बदलली. त्या खोलीत पुढे आपले लोक जिंकलेही. २०२२ साली आरूज आफताब हिला उर्दू ‘मोहब्बत’साठी, २०२४ साली ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला, त्यात शंकर महादेवन आणि दिवंगत झाकीर हुसेन होते. आपण पेढे वाटले. मीही वाटले. पण पेढा खाताना पाटी वाचू नये असा काही नियम नाही.

कोरियाच्या ‘बीटीएस’ या तरुणांच्या चमूची गोष्ट तर या सगळ्या व्यवहाराचे सारच सांगून जाते. २०१८ साली त्यांचा कोरियन भाषेतला अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ग्रॅमीत त्याचे नामांकन झाले, नाही असे नाही. कशासाठी? वेष्टनासाठी! अल्बमच्या वेष्टनाची रचना उत्तम, म्हणून तिच्या रचनाकाराला २०१९ साली नामांकन. आत जे गाणे होते त्याला काही नाही. मग २०२० साली या मुलांनी ‘डायनामाइट’ नावाचे गाणे संपूर्ण इंग्रजीत म्हटले, आणि लगोलग २०२१ च्या पारितोषिकांत पॉपच्या मुख्य विभागात त्यांचे नामांकन झाले. पुढच्या वर्षी ‘बटर’ला झाले, तेही इंग्रजी. मुले तीच, आवाज तेच, नाचणे तेच. बदलली ती भाषा. याहून उघड पुरावा न्यायालयातसुद्धा क्वचित मिळतो.

‘देस्पासितो’ची कथा थोडी निराळी, पण तात्पर्य तेच. २०१७ साली हे स्पॅनिश गाणे अमेरिकेच्या यादीत सलग सोळा आठवडे अव्वल होते. २०१८ च्या ग्रॅमीत त्याला पॉपच्या विभागासह तीन नामांकने मिळाली. बरे वाटले. नंतर कागद नीट पाहिला, तर नामांकन होते ते त्या आवृत्तीला जीत जस्टिन बीबर याने इंग्रजी कडवे घातले आहे. तीनपैकी एकही पारितोषिक मिळाले नाही, ते सोडा. पण मोठ्या दारातून आत जाताना स्पॅनिश गाण्याला कुणा इंग्रजी गाणाऱ्याचा हात धरून जावे लागले. आपल्याकडे परजिल्ह्यातल्या कचेरीत जाताना ओळखीचा माणूस बरोबर नेतात, त्यातला प्रकार.

माझ्या या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो असा: वेगळे रकाने नसते तर लहान भाषांना एकही पारितोषिक मिळाले नसते, मोठ्या पंगतीत त्या उपाशीच राहिल्या असत्या. आणि आक्षेप घेणारा आपल्याच लताबाईंचे नाव घेईल. फिल्मफेअरची पारितोषिके १९५४ साली सुरू झाली तेव्हा त्यांत गायकांना जागाच नव्हती. संगीतकाराला पारितोषिक, गाणाऱ्याला टाळ्या. शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात गाण्याची विनंती लताबाईंनी नाकारली: गायकाला तुमच्याकडे पारितोषिक नाही, तर गायकाने तुमच्या मांडवात गावे कशाला? १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच ‘मधुमती’तील गाण्यासाठी मिळाले. म्हणजे रकाना मागून घ्यावा लागतो, आणि मागून घेण्यात कमीपणा नाही.

अगदी बरोबर. पण लताबाईंनी काय मागितले ते नीट पाहा. ज्या कामाला नावच नव्हते त्या कामाला त्यांनी नाव मागितले. ज्या काळात ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव छापले गेले होते, त्या काळातली ही मागणी आहे. ती सगळ्या गाणाऱ्यांसाठी होती. ‘मराठी मुलीसाठी बाजूला एक पाट मांडा’ असे त्या म्हणाल्या नव्हत्या. कामाला रकाना मिळणे वेगळे आणि भाषेपायी वेगळ्या रकान्यात टाकणे वेगळे.

शिवाय बाजूचा पाट किती भक्कम असतो? २००९ साली ग्रॅमीने पोल्काचे पारितोषिक बंद केले. मग २०११ साली एका फटक्यात १०९ पारितोषिकांची ७८ केली. हवाई बेटांचे संगीत, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे संगीत, लुइझियानातील फ्रेंचभाषकांचे केजन आणि झायडेको, या प्रत्येकाला तोवर आपापले पारितोषिक होते. ती सगळी मोडून एका गाठोड्यात बांधली आणि गाठोड्यावर चिठ्ठी लावली: ‘प्रादेशिक मूळसंगीत’. प्रादेशिक! हा शब्द ऐकला की आपल्यापैकी कुणाच्या पोटात ढवळत नाही? लॅटिन जॅझचा रकाना त्याच वेळी पुसला गेला, तेव्हा त्या वादकांनी अकादमीला न्यायालयात खेचले. पुढच्याच वर्षी तो रकाना परत आला. हवाईची बेटे न्यायालयात गेली नाहीत. ती अजून गाठोड्यातच आहेत. दयेने मिळालेला पाट यजमानाला जेव्हा गर्दी वाटते तेव्हा पहिला उचलला जातो. नुसत्या ‘पॉप’चा पाट मात्र कुणी उचलला नाही. फार तर स्त्रियांचे आणि पुरुषांचे पॉप गायन त्या छाटणीत एकत्र केले.

मग करावे काय? दोनच प्रामाणिक मार्ग मला दिसतात. पहिला कॅनडातील क्वेबेक प्रांताने दाखविला आहे, आणि तो दाखविणारी बाई पॉपचीच मोठी गायिका आहे. क्वेबेक हा फ्रेंचभाषकांचा प्रांत. सभोवती इंग्रजीचा समुद्र. आपल्याला परका वाटू नये असा मुलूख. तिथल्या सेलीन दिऑन हिने १९९० साली ‘युनिसन’ हा पहिला इंग्रजी अल्बम काढला. त्या वर्षी तिथल्या संगीत-व्यावसायिकांच्या संस्थेने तिला फेलिक्स पारितोषिक जाहीर केले, ‘सर्वोत्तम इंग्रजीभाषक कलावंत’ म्हणून. बाई मंचावर गेली आणि तिने ते सर्वांदेखत नाकारले. आपण इंग्रजीत गातो, पण म्हणून आपण इंग्रजीभाषक होत नाही, असा तिचा मुद्दा. संस्थेने पुढे त्या पारितोषिकाचे नावच बदलले आणि ते दुसऱ्या भाषेत गाणाऱ्या क्वेबेकच्या कलावंताचे केले. माणसाला भाषेवरून वेगळे पाडणारा शब्द गेला, कामाचे खरे वर्णन करणारा आला. एक बाई, एक नकार, आणि पाटी दुरुस्त! त्याच सेलीनला पुढे १९९७ साली ग्रॅमीत पॉप अल्बमचे आणि वर्षातील सर्वोत्तम अल्बमचेही पारितोषिक मिळाले. अर्थात इंग्रजी अल्बमसाठी. १९९५ चा तिचा ‘द्यू’ हा फ्रेंच भाषेतला आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम मानला जातो; पॉपच्या त्या यादीत तो शोधू नका.

तेव्हा ग्रॅमीनेही तसेच करावे. ‘सर्वोत्तम इंग्रजी पॉप गायन अल्बम’ असे स्वच्छ लिहावे. मग माझी काहीही तक्रार नाही. इंग्रजीनेही एकदा आपले विशेषण लावून बघावे. अंगाला टोचत नाही, आम्हाला सवय आहे.

दुसरा मार्ग दार खरोखर उघडण्याचा. तो अशक्य आहे असे कुणी सांगू नये, कारण आपल्याच देशात तो अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पार्श्वगायनाचे पारितोषिक गायकाला एक आणि गायिकेला एक, सगळ्या भाषा मिळून. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना ते तेलुगू, हिंदी, तमिळ आणि कन्नड अशा चार भाषांतील चित्रपटांसाठी मिळाले. त्यातला कन्नड चित्रपट तर आपल्या शेजारच्या गदगच्या पंचाक्षरी गवयांच्या जीवनावरचा. आरती अंकलीकर-टिकेकर यांना २००६ च्या ‘अंतर्नाद’साठी मिळाले, आणि ‘अंतर्नाद’ कोंकणी चित्रपट आहे. आनंद भाटे ‘बालगंधर्व’साठी, महेश काळे ‘कट्यार काळजात घुसली’साठी. कोंकणीला वेगळा पाट मांडला असता तर कोंकणी चित्रपटातले गाणे तिथेच जेवून उठले असते. हे सरकारी पारितोषिक आहे, परीक्षक मोजके असतात, निवडीवर कुरकुरही होते, हे मान्य. पण भारतासारख्या भाषांच्या जंगलात जे जमते ते अमेरिकेत का जमू नये? उलट आपल्या उद्योगाची, म्हणजे सरकार नव्हे तर धंदा चालविणाऱ्यांची, पारितोषिके पाहा: फिल्मफेअर म्हटले की हिंदी, आणि मराठीचे ते ‘फिल्मफेअर मराठी’. पुन्हा विशेषण कुणाला लागले?

ग्रॅमीचे दार अलीकडे किलकिले होऊ लागले आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२२ साली अमेरिकेत वर्षभरात सर्वांत वर राहिलेला अल्बम पोर्तो रिकोच्या बॅड बनीचा होता, पूर्ण स्पॅनिश. २०२३ च्या फेब्रुवारीत तो समारंभाच्या आरंभीच गायला. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर शब्द उमटत होते. त्याचे शब्द मात्र उमटले नाहीत. तिथे आले: ‘इंग्रजीखेरीज भाषेत गायन’. स्पॅनिश हे नावसुद्धा नाही! अमेरिकेत कोट्यवधी लोकांची ती घरची भाषा. वाहिनीच्या प्रमुखांना पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. तो अल्बम त्या वर्षी हरला. पण २०२६ साली त्याच गायकाच्या दुसऱ्या स्पॅनिश अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे पारितोषिक मिळाले, स्पॅनिशला पहिल्यांदाच. मला मनापासून आनंद झाला. तरी त्याच रात्री पॉप गायनाच्या अल्बमची नामांकने पाहा, सगळी इंग्रजी. शैली वेगळी, असे स्पष्टीकरण देता येते. मी ते अर्धे मानतो. उरलेले अर्धे ‘बीटीएस’च्या वेष्टनात गुंडाळून ठेवले आहे.

इतके लिहून झाल्यावर बोट आपल्या अंगणाकडे वळविले नाही तर हा लेख म्हणजे नुसती दूरच्या डोंगराला दिलेली शिवी होईल. आमच्याकडील एका संस्थेची सुगम गायनाची आंतरशालेय स्पर्धा असते. अर्जावर रकाने असे: मराठी भावगीत, मराठी भक्तिगीत, नाट्यगीत, आणि शेवटी ‘इतर भाषा’. पहिल्या तिघांना फिरता चषक, ‘इतर’ला प्रशस्तिपत्र. माझी सून धारवाडकडची. नात नऊ वर्षांची. आईकडून पुरंदरदासांची पदे शिकली आहे, माझ्याकडून अभंग. दोन्ही ती सारख्याच लडिवाळपणे म्हणते. अर्ज भरताना तिने विचारले, “आज्जा, ‘इतर’ म्हणजे कुठली भाषा?” मी म्हटले, “तुझ्या आईची, बाळ.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग आईच्या गावाला गेलं की तुझी ‘इतर’?”

मी काय सांगणार? खरेच तसे आहे. पलीकडच्या स्पर्धांतून मराठी गाण्याला हाच चौकोन मिळतो, आणि तेव्हा आपली मंडळी वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात. कन्नडातही ‘इतर’ला ‘इतर’च म्हणतात. दोन्ही भाषांचे एकमत व्हायला नेमका हाच शब्द सापडावा!

आणि हे कुठे, तर या मुलखात! जिथे आम्ही सकाळी सांगली केंद्र लावले, दुपारी धारवाड, आणि बुधवारी रात्री सिलोन. रेडिओचा काटा फिरवताना मध्ये कुठेही नाका लागला नाही. गदगकडून आलेल्या भीमसेनांनी मराठीत अभंगवाणी गायिली आणि कन्नडात दासवाणी. त्यांना आमच्या अर्जावर कुठल्या रकान्यात घ्यायचे? विठ्ठलासाठी चषक आणि त्याच विठ्ठलासाठी कन्नडात गायिले तर प्रशस्तिपत्र? पुरंदरदासांचा विठ्ठल पंढरपूरचाच होता ना?

संस्थेच्या चिटणीसांना मी पत्र दिले आहे. रकाने गाण्याच्या प्रकाराचे ठेवा: भावगीत, भक्तिगीत, नाट्यगीत. भाषा मुलाने आपली आपण लिहावी. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू, जी असेल ती. चषक एकच. भावगीत हा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि अर्थही तोच, त्यामुळे छपाईसुद्धा वाचेल. चिटणीस भले गृहस्थ आहेत, त्यांनी विचारले, “पण तात्या, कन्नड पद आणि मराठी अभंग एकाच मापाने मोजणारे परीक्षक आणायचे कुठून?” मी त्यांना आमच्याच आळीतली चार घरे सांगितली. दोघे निवृत्त शिक्षक, एक हार्मोनियम दुरुस्त करणारे, आणि चौथी माझी सून. पण ती स्पर्धकाची आई असल्यामुळे तिचे नाव मीच खोडले.